आधी शेजाऱ्यांचा निरोप

माझा नवरा अल्फान्सो हा जगाचा माणूस आहे, घराचा नाही. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आयुष्यभर लेथ चालवला, रिटायर झाल्यापासून हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, चालवतो. परीक्षा देऊन सरकारी परवाना काढलाय. मरोळ गावठाणातल्या आमच्या पत्र्यावर त्याने एवढा मोठा अँटेना उभा केला की माझी बोंबील वाळवायची जागा गेली. दर रविवारी चर्चमधून आला की शर्टही न बदलता माईक धरतो. पलीकडे मुलुंडच्या शर्मिष्ठा मॅडम, घाटकोपरचा निमेश. आणि विषय काय, तर आमचं घर! आयडाला, म्हणजे मला, सर्दी झालीय; सासूबाईंचं, म्हणजे माझ्या आईचं, ऑक्सिजनचं मशीन दुरुस्त केलं. माझ्याशी बोलायला मात्र ह्या माणसाकडे शब्द नाहीत.

"मोबाईल आहेत ना रे, मग ही झंझट कशाला?" मी विचारायची.

"मोबाईल बंद पडले की कळेल," म्हणायचा. डोकं फिरायचं माझं.

ऑगस्टमध्ये मिठी नदी फुगून गावठाणात शिरली. वीज गेली, दुपारपर्यंत मोबाईलही मेले. आईचं मशीन बंद. तिला घरातल्या छोट्या सिलिंडरवर ठेवलं, पण त्याचा काटा भराभर खाली येत होता. आणि अल्फान्सो? रिक्षाची जुनी बॅटरी जोडून ओट्यावर बसला आणि शेजाऱ्यांचे निरोप पाठवू लागला. शर्मिष्ठा मॅडम ते पुढे कंट्रोल रूमला कळवत होत्या. विकीच्या बापाला इन्सुलिन हवं. कमळची पोर शाळेत अडकलीय. शेजारचा धोंडू तर मेव्हण्याला नुसती खुशाली कळवायला आला होता! त्याचाही निरोप गेला.

"अल्फान्सो, आईचं सांग पहिलं."

"सांगतो गं. दारात लोक उभे आहेत, आपलंच घर पुढे कसं रेटू?"

आमच्याकडे लग्नात घरची माणसं शेवटच्या पंगतीला जेवतात. ती रीत ह्याने इथेही लावली! आत आईचे ओठ निळे पडायला लागले. मी माईक हिसकावला.

"तुझ्याकडे परवाना नाही!" तो ओरडला. म्हणजे बघा!

"आयडा बोलतेय, मरोळहून," एवढंच म्हटलं आणि मला रडू फुटलं. बटण दाबलेलं असलं की पलीकडचं ऐकू येत नाही; त्यावरचा माझा अंगठा शेवटी अल्फान्सोनेच सोडवला.

"आयडाताई, आईंच्या ऑक्सिजनचं ना?" शर्मिष्ठा मॅडमचा आवाज आला. "मी दोनदा विचारलं. अल्फान्सो म्हणतात, आमचं शेवटी. मग मीच निमेशला सिलिंडर घेऊन साकीनाक्यापर्यंत पाठवलंय. कुठल्या गल्लीतून येऊ दे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. रस्ता मीच सांगितला.

कमरेएवढ्या पाण्यातून निमेश खांद्यावर सिलिंडर घेऊन आला. नळी जोडली. हळूहळू आईच्या ओठांचा रंग बदलला. मी तिचा हात धरून बसले होते. तिने डोळे उघडले, पोटभर श्वास घेतला, आणि पहिलं काय बोलली?

"आयडा, माझ्या जावयावर ओरडू नको. देवमाणूस आहे तो."