मागं पसरलेला हात

आमच्या मेहकरात न्हाणीच्या भिंतीला शहाबादी फरशी लावायची म्हटलं की एकाच मिस्त्रीला बोलवत. आमच्या ह्यांनी परमिटवर मोठ्या मुश्किलीनं सिमेंट मिळवलं होतं. मिस्त्रीनं पोतं दाबून पाहिलं आणि बाजूला सारलं. "खाली जमिनीले चालते, बाई. भिताडाले चुनाच पाहिजे." मग चुना, वाळू, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, असं कालवत बसला. मी चिडले, पण त्याला घाई ठाऊकच नव्हती.

फरशी भिंतीला टेकवली की डाव्या तळहातानं दाबून धरायचा आणि तिलाच म्हणायचा, "धर वं, धर." मग सांधे भरायला उजवा हात न बघता मागं पसरायचा. पूर्वी त्या हातावर त्याची बायको चुन्याचा गोळा ठेवायची. शेजारच्या घरी दोघांना असं काम करताना मी कितीदा पाहिलेलं. गेल्या पोळ्याच्या सुमारास ती वारली. हात मात्र अजून मागं जायचा, थोडा वेळ तसाच थांबायचा, आणि मग मिस्त्री स्वतःच वाकून घमेल्यातून गोळा उचलायचा.

एकदा मला राहवलं नाही. मी पुढं होऊन त्याच्या हातावर गोळा ठेवला.

तो मागं वळला नाही. भिंतीकडं तोंड ठेवूनच हळूच म्हणाला, "बाई, असं नोका करत जाऊ. हात रिकामा राह्यला तर चालते. भरला का मले मांगं पाहा लागते."