शेवटच्या दोन ओळी

सलीम मुकादम यांचं गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, मुंबईतल्या रुग्णालयात निधन झालं. वय चोपन्न. पत्नी नसरीन यांना यकृताचा भाग देऊन चार दिवस झाले होते. नसरीनभाभी आता पनवेलच्या घरी आहेत. तब्येत सुधारते आहे.

सलीमभाई कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर होते. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात कविता वाचत. संतांच्या, उर्दू शायरांच्या... भक्तीच्या, बलिदानाच्या. शस्त्रक्रिया ठरल्यावर वाचन वाढलं. "सगळे हसत हसत जीव देतात," ते मला म्हणाले. "एक तरी घाबरला असेल ना? शोधतोय." तसा कोणी सापडला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच कविता लिहिली आणि आमच्या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी माझ्याकडे दिली.

मी उपसंपादक. जागा कमी पडली की मजकूर खालून कापायचा, ही आमची सवय. बातमीत महत्त्वाचं वर असतं. ऐनवेळी जाहिरात आली आणि मी कवितेच्या शेवटच्या दोन ओळी कापल्या. त्यांना विचारलं नाही.

उरलेली कविता शूर निघाली. ट्रकवाल्यांनी कात्रण काट्याच्या केबिनच्या काचेवर चिकटवलं. मी गेलो तेव्हा एक ड्रायव्हर ओरडत होता, "सलीमभाई, शेर हो आप!" ते हसले. ट्रक गेल्यावर मला म्हणाले, "काय कातरवाले... शेराला घाबरता येत नाही, यार. घरात हे तोंडातून निघत नाही. नसरीन तुमची पुरवणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. म्हणून तर दिली होती." त्यांच्या कपातला चहा बशीत सांडत होता. येत्या रविवारी पूर्ण कविता छापतो, असं मी सांगितलं.

शस्त्रक्रिया शुक्रवारी झाली. रविवारी ते अतिदक्षता विभागात होते. तशा ओळी छापायला माझा हात धजला नाही.

परवा भेटायला गेलो. नसरीनभाभींनी विचारलं, "भाऊ, खरं सांगा, ते घाबरले होते का? माझ्यासमोर तर हसत आत गेले."

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिथून काट्यावर गेलो. कात्रण काचेवर आहे. त्याखाली काट्याच्या पावतीचा कोरा भाग चिकटवलेला, त्यावर सलीमभाईंचं अक्षर :

देईन म्हणालो, ते खरं.
हात थरथरतात, तेही खरं.

नसरीनभाभींनी या ओळी पाहिलेल्या नाहीत. ही पुरवणी त्यांच्या दारात रविवारी सकाळी सात वाजता पडते.