मिस ओडेसाचं मत

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात पुरुषांच्या बास्केटबॉलचा एकही सामना होत नाही, आणि बास्केटबॉलवरून सगळ्यात जास्त भांडणं उन्हाळ्यातच होतात. हंगामात टीम निदान जिंकते किंवा हरते, वाद तिथेच मिटतो. जून संपत आला की मात्र कुणाला ठेवायचं, कुणाला द्यायचं, कुणाच्या बदल्यात कुणाला आणायचं, यावर अख्खं शहर टीमचं मालक होऊन बसतं. ज्याला स्वतःची गाडी धड मागे घेता येत नाही, तोही सांगतो टीम कशी चालवायची ते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

थॅडियस पेटीफर्ड त्यातलाच एक. एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली, त्यामुळे उन्हाळे मोकळेच असायचे. दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं आणि गस ब्रॅनिगनच्या रेडिओ कार्यक्रमाला फोन लावायचा, हा नेम बावीस उन्हाळे चालला. त्याचं तत्त्व एकच होतं, आपला माणूस सोडायचा नाही. म्हातारा झाला, लंगडा झाला, तरी आपला तो आपला.

पण थॅडला शहर ओळखायचं ते त्याच्या बायकोमुळे. ओडेसाने तीस वर्षं इस्पितळात हाडांच्या वॉर्डात रोगी उचलले, बसवले, चालवले. तिला खेळाडूच्या चेहऱ्यात काडीचा रस नव्हता. थॅड फोनवर कुणाची तरी तारीफ करत असला की मागे कपडे घडी घालता घालता ती ओरडायची, "गुडघे बघ त्याचे, गुडघे! बाकावरून उठताना हात टेकतो तो!" हे रेडिओवर सगळ्यांना ऐकू जायचं. मग गसने विचारायलाच सुरुवात केली, "ते राहू द्या मिस्टर थॅड, मिस ओडेसा काय म्हणतात?" लग्न झालेल्या बाईलाही तिकडे आदराने मिसच म्हणतात. ती स्वतः कधी फोन घ्यायची नाही. "मला कामं आहेत," म्हणायची. तिचं मत थॅडच सांगायचा, स्वतःच्या विरुद्ध असलं तरी. आणि ते विरुद्धच असायचं.

ओडेसा एकोणीस मेला गेली. सकाळी, वॉशिंग मशीनपाशी, हृदय बंद पडून. तेव्हा प्लेऑफ, हंगामाच्या शेवटचे बाद सामने, चालू होते.

अंत्यविधीला चर्चमध्ये थॅड ताठ उभा राहिला. शंभर एक लोकांशी हात मिळवले, प्रत्येकाला धन्यवाद म्हणाला. बायका आपसात बोलल्या, "केवढा खंबीर माणूस!" खंबीर कसला! त्याला काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा जागेवर असूनही आपला नसतो, तसा तो सगळाच झाला होता. चर्चच्या बायकांनी कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भांड्यातच भाजलेलं जेवण, आणून दिलं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवलेली. त्याने खाल्लं, भांडी घासली, पुसली आणि जिची तिला नेऊन दिली. आत चिकन होतं की बटाटे, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

जूनच्या शेवटी एका दुपारी तीन वाजले आणि सवयीने हात फोनकडे गेला.

"मिस्टर थॅड!" गस खूश झाला. "होता कुठे इतके दिवस? मला वाटलं, दुसऱ्या टीमला मिळालात! बरं, आपल्या ट्रॉटरला ठेवायचं का द्यायचं? आधी मिस ओडेसांचं सांगा."

थॅड म्हणाला, "ती म्हणते, देऊन टाका. उजवा गुडघा संपलाय त्याचा."

ही थापही नव्हती. एप्रिलमध्ये ट्रॉटरचा खेळ बघून ती असंच म्हणाली होती. गस पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, थॅडने पुन्हा सांगितलं. आठवड्याभरात एप्रिलचा साठा संपला, मग थॅड मनाने सांगू लागला. ते जड गेलं नाही. चव्वेचाळीस वर्षं ऐकलं होतं तिचं. कुठला खेळाडू पाय ओढतो, कुठला नुसता घाम दाखवतो, ती काय म्हणेल हे त्याला आधीच ठाऊक असायचं.

रविवारी मुलगी आली, रेनिटा. पर्स खाली न ठेवताच म्हणाली, "डॅडी, मम्मा रेडिओवर काय बोलते म्हणे?"

"तोंडातून गेलं गं."

"रोज जातं? ऑफिसातला माणूस मला सांगतो, काल तुझी आई काय भारी बोलली! मी काय सांगू त्याला? बाथरूममध्ये जाऊन रडले मी."

"गस विचारतो."

"मग सांग ना त्याला खरं!"

"सांगेन."

"कधी? तू कुणालाच सांगितलं नाहीयेस. नातेवाइकांना मी कळवलं, चर्चमध्ये पास्टर बोलले. मम्मा गेली, हे तुझ्या तोंडून मी अजून एकदासुद्धा ऐकलेलं नाही, डॅडी."

थॅडने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. आपलेही भरायला हवेत, हे त्याला कळत होतं. त्याने तिला विचारलं, आइस टी घेणार का.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रॉटर गेला. अकरा वर्षं या टीमकडून खेळलेला, शहराने घरातला मानलेला माणूस देऊन टीमने लाटव्हियाचा वीस वर्षांचा पोरगा आणला. नाव यानिस ओझोल्स, उंची सात फूट एक इंच. कॉर्नेलच्या सलूनमध्ये सकाळपासून आग लागली होती.

"तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं!" कॉर्नेल वस्तरा हवेत नाचवत म्हणाला. "माणूस दिला आणि आणलं काय? बांबू!"

"बांबूला लांबून बास्केट टाकता येतं, म्हाताऱ्या," खुर्चीतला पोस्टमन म्हणाला.

"कुणापुढे? तिकडच्या शाळामास्तरांपुढे? इकडे एक कोपर बसलं की दोन तुकडे व्हायचे त्याचे. आणि तू हलू नकोस, नाहीतर तुझाच कान देऊन दुसऱ्याचा आणावा लागेल!"

सगळे हसले आणि मग थॅडकडे बघायला लागले. ट्रॉटरसाठी अकरा वर्षं हा माणूस सगळ्यांशी भांडला होता. आज तो पेटून उठेल, असं त्यांना वाटलं होतं. थॅडने केस कापून घेतले आणि निघाला. मिस ओडेसा काय म्हणते, असं तिथे कुणीही विचारलं नाही. गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते रेडिओला.

तीनला त्याने फोन लावला. त्या दिवशी सगळ्या लाइनी भरलेल्या होत्या. अर्ध्या तासाने त्याचा नंबर लागला.

"रेडिओ बारीक करा मिस्टर थॅड, मागून आवाज येतोय."

फोनवर बोललेलं रेडिओवर चाळीस सेकंद उशिरा येतं. स्वतःचाच आवाज मागून आला की बोलणाऱ्याचा गोंधळ होतो. या घरात बटण फिरवायचं काम ओडेसाचं होतं. थॅड "हो" म्हणाला आणि जागचा हलला नाही.

"तर तुमचा ट्रॉटर गेला! मिस ओडेसा नाचत असतील आज?"

"असेल."

"आणि हा नवा पोरगा? त्याच्या गुडघ्यांबद्दल काय म्हणतात त्या?"

थॅडने शोधलं. आजवर विचारलं की तिचं वाक्य तयार असायचं. ओझोल्स उठतो कसा, उडी मारल्यावर कुठल्या पायावर उतरतो, यावर ती काय म्हणेल? काहीच येईना. आत कुणी बोलेना.

"तिने पाहिला नाही त्याला," तो म्हणाला.

"अहो, मग दाखवा की! इंटरनेटवर ढीगभर पडलंय."

"नाही, गस. ती गेली. एकोणीस मेला. मी अंगणात होतो, मला मशीनचा आवाज येत होता, म्हणून मला वाटलं ती आहे. हा पोरगा तिने पाहिलेलाच नाही."

बावीस वर्षांत गस ब्रॅनिगनला शब्द सापडला नाही असं कधी झालं नव्हतं. रेडिओवर गप्प बसून चालत नाही, हे थॅडलाही माहीत होतं.

"पुढच्याला घे," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

फ्रिजवरचा रेडिओ अजून मागेच होता. तिथे गस हसत होता. तिथे तो मिस ओडेसा नाचत असतील का विचारत होता, आणि तिथे ती अजून होती. थॅड खुर्चीत बसून ऐकत राहिला, जसं शहरातलं बाकी कुणीही ऐकत असेल तसं. मग एक म्हातारा आवाज म्हणाला, ती गेली. एकोणीस मेला. त्या म्हाताऱ्याची थॅडला फार कीव आली. बिचाऱ्याची बायको गेली, असं मनात आलं, आणि मगच त्याला कळलं की कुणाची.

त्याने टेबलावर डोकं ठेवलं आणि तो मोठमोठ्याने रडायला लागला. रेडिओवर तो म्हातारा म्हणत होता, पुढच्याला घे.