येतानाचे ठिपके

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. फलटणला, सिंधूआत्याच्या घरातल्या लोखंडी खाटेवर ऋजुता आडवी होते. झोपायचा विचार नाही, नुसती पाठ टेकायची आहे. शेजारच्या स्टुलावर लॅपटॉप उघडा आहे आणि त्याला वायरीने जोडलेला एक राखाडी कॅमेरा, काडेपेटीपेक्षा जरा मोठा. शेजारून आलेला डबा जेवल्यावर तिने साबण लावून हात धुतलेत. आत्या असती तर आमटीचा हात कुठे लागू दिला नसता. आत्या जाऊन आज छत्तीस दिवस झाले.

कॅमेरा आत्याचाच. साताऱ्याच्या एका प्रदर्शनातून आणलेला, स्वस्तातला. त्याला पडदा नाही, फक्त फोटोंचा आकडा दिसणारी एक खिडकी आहे. रोज सकाळी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायची, तिचा फोटो घ्यायचा आणि कॅमेरा भरला की जुन्या कॉम्प्युटरवर रिकामा करायचा, असं तिचं पंधरा वर्षं चाललं. मग तो कॉम्प्युटर मोडला, सोबतची सीडी हरवली, आणि नव्या कॉम्प्युटरला हा कॅमेरा ओळखू येईना. आकडा सव्वीसवर थांबला.

सव्विसावा फोटो आत्याने काढलेला नाही. तो तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे ऋजुताच्या बाबांनी काढला. आत्या जायच्या चार दिवस आधी तिने कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि एक माझाही काढ म्हणाली. गेल्या दहा वर्षांत तिचा दुसरा फोटो नाही. आणि या कॅमेऱ्याची खोड अशी की आतले सेल संपले की फोटोही संपतात. सेल बदलायला फार तर पंचवीस सेकंद मिळतात.

बाबा, म्हणजे दिगंबरराव, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. पाच रविवार त्यांनी घड्याळ समोर ठेवून सेल बदलले, नंदादीपात तेल घालावं तसे. पाचव्या रविवारी आतली पत्र्याची पट्टी वाकली, बोटं थरथरली आणि चाळीस सेकंद गेले. आकडा विझला. सेल बसल्यावर सव्वीस परत आला, पण आत फोटो उरलेत की नुसता आकडा, हे कुणी सांगावं? तेव्हापासून ते या खोलीत आलेले नाहीत. बाहेर खुर्चीत बसून असतात. माझ्याच हातून गेलं, एवढंच एकदा म्हणाले.

ऋजुता पुण्याहून रजा काढून आली आहे. कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यात बोलणं घडवायला एक दुभाषा प्रोग्राम लागतो, ड्रायव्हर म्हणतात तो, आणि ती तो लिहिते आहे. पोलंडमधल्या एका निवृत्त गृहस्थाने याच जातीच्या कॅमेऱ्यासाठी अर्धं काम करून ते सगळ्या जगाला खुलं ठेवलं आहे. त्याच्या पुण्याईने कॅमेरा काल बोलला. सव्वीसही फोटोंचा ऐवज लॅपटॉपवर आला. पण उघडला की नुसत्या करड्या, हिरवट, तिरप्या पट्ट्या. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांच्या ओळीखाली ओळी; त्या ओळीची लांबी चाळीस वेळा बदलून पाहिली तरी पट्ट्याच. फोटो चुकीचे जुळतायत की पुसलेच गेलेत, हे त्या पट्ट्यांवरून कळत नाही.

पंखा फिरतो आहे. त्याचा आवाज बारीक होत जातो.

"झोपलीस की नुसती लोळतेयस?"

स्टुलावर लॅपटॉप नाही, आत्या बसली आहे. लॅपटॉप तिच्या मांडीवर आहे, सूप धरावं तसा. अंगावर टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीला नेसायची ती जांभळी साडी.

"पाठ टेकलीय," ऋजुता म्हणते. आत्या इथे कशी, हे विचारायचं तिला सुचत नाही.

"तुझ्या बाबानं माझं डोकं ठेवलंय का बघ आधी. लग्नाच्या फोटोत त्यानं नवरदेव अर्धा केला होता."

"काहीच दिसत नाहीये गं. नुसत्या पट्ट्या."

आत्या पडद्याकडे बघते, चष्मा कपाळावर ढकलते आणि उठून दारातून आत जाते. ऋजुता मागे जाते. आत स्वयंपाकघर असायला हवं, पण तिथे एक्स्चेंजची लांब खोली आहे. भिंतभर भोकांची पाटी, तारा, कानाला लावायचे डबे. आत्या उभ्याउभ्याच एक तार काढते, दुसरीकडे खोचते. कुणाला तरी थांबायला सांगते, कुणाला बोला म्हणते. प्रत्येक भोकात प्रकाशाचा एक ठिपका आहे. तार खोचली की तो विझतो आणि दोन घरं सोडून दुसरा लागतो.

"हे सगळे कुणाचे फोन?" ऋजुता विचारते.

"ज्याचा त्याचा. आपण फक्त जोडून द्यायचं. मध्ये ऐकायचं नाही."

भिंतीतले ठिपके खाली उतरतात. खोलीची फरशी ओली आहे, सडा घातल्यासारखी. ती फरशी नाहीच, अंगण आहे आणि सकाळ आहे. समोरची गल्ली मात्र बिघडली आहे. घरं तिरप्या पट्ट्यांत उभी आहेत, निम्मी करडी, निम्मी हिरवी. शेजारच्या कुंभारकाकू दूध घेऊन चालल्यात. त्यांचा एक पाय त्यांच्याबरोबर चालतो आहे आणि दुसरा चार घरं पुढे. त्यांना त्याचं काही वाटत नाही. त्या आत्याला हात करतात. हातही भलत्याच घरापाशी हलतो.

आत्या पाटावर बसते. बसताना गुडघा धरते. चिमटीत रांगोळी घेऊन डावीकडून ठिपके टाकत निघते. एक ठिपका, एक जागा मोकळी, पुढचा ठिपका. पाट सरकवत ती उजव्या टोकाला पोचते आणि तिथूनच उलटी निघते. मोकळ्या ठेवलेल्या जागांमध्ये ठिपके टाकत, उजवीकडून डावीकडे.

ऋजुताने हे लहानपणापासून हजारदा पाहिलं आहे. आज ती पहिल्यांदा विचारते.

"एका दमात का नाही गं टाकत ओळ?"

"जवळजवळ टाकत गेलं की अंदाज चुकतो आणि ओळ वाकते. म्हणून एक सोडून एक. आणि या टोकाला आल्यावर रिकाम्या हातानं परत कोण जाईल? गुडघा तुझा आहे का?" आत्या हसते. "जातानाचे वेगळे, येतानाचे वेगळे. अर्धे जाताना, अर्धे येताना. मग दुसरी ओळ."

समोरच्या गल्लीत कुंभारकाकूंचा दुसरा पाय हळूहळू मागे येतो आहे.

"मी सगळे एकाच दिशेनं लावत होते," ती म्हणते.

"शिकलेली माणसं. पाटीवरचं वाचावं तसं वाचत बसलीस." आत्या पुढच्या ओळीला लागते. थोड्या वेळाने, मान वर न करता म्हणते, "दिगूला सांग, थरथरलेल्या हातानं काही जात नाही. अर्ध्या वयापासून माझे हात थरथरतायत. त्याला सांग, पाच रविवार मी बघत होते."

"तूच सांग ना त्यांना."

"माझी ड्यूटी संपली. आणि तो परदेशातला माणूस, त्यालाही कळव. तोही तिथंच अडकला असेल बिचारा. त्यानं लाइन दिली म्हणून तू इथवर आलीस."

कळवते, असं ऋजुता म्हणते. आणखी एक सांगायचं असतं. शाळेच्या सुट्ट्यांत याच घरात तिला पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर हातात मिळाला होता, आणि उघडलेला रेडिओ परत जुळला नाही तेव्हा आत्या रागावली नव्हती, तिच्याबरोबर बसून राहिली होती. ती शब्द जुळवते आहे तोवर आत्या रांगोळीचा डबा पुढे करते.

"माहीत आहे मला," आत्या म्हणते. "हा शेवटचा तू टाक. येतानाचा."

ऋजुता चिमूट भरते. रांगोळी गार आणि खरखरीत आहे. ती वाकते.

पंखा तिसऱ्या आकड्यावर आहे. दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं. लॅपटॉप स्टुलावर, कॅमेऱ्याची वायर जागच्या जागी. ऋजुता उठून बसते आणि उजवा हात उताणा करून बघते. अंगठा आणि त्याशेजारचं बोट, दोन्हींच्या टोकांना पांढरं लागलं आहे. चोळलं तर खरखरीत लागतं. हात तिने साबणाने धुतले होते. रांगोळीचा डबा देव्हाऱ्यावरच्या फळीवर आहे. छत्तीस दिवसांपूर्वी दिगंबररावांनी त्याचं झाकण घट्ट लावलं, त्याला सुतळी बांधली. सुतळी तशीच आहे.

ऋजुता ती दोन बोटं वर उचलून धरते आणि उरलेल्या बोटांनी टाइप करते. प्रोग्राममधला बदल पाच ओळींचा आहे. फोटोच्या प्रत्येक ओळीतले अर्धे ठिपके डावीकडून, एक सोडून एक. उरलेले अर्धे मोकळ्या जागांत, उजवीकडून.

पहिला फोटो उघडतो. रांगोळी. दुसरा उघडतो. रांगोळी. रंग जरा हिरवट आहेत, ते नंतर बघता येईल. ती सरळ सव्विसाव्यावर जाते.

मग ती बाबांना हाक मारते.

दिगंबरराव दारात येऊन थांबतात. आत यायला त्यांना वेळ लागतो. पडद्यावर अंगण आहे, अर्धी रांगोळी आहे आणि पाटावर आत्या आहे. अंबाडा वरून कापला गेलाय, पण चेहरा पुरता आला आहे. तोंड उघडं आहे. काहीतरी बोलते आहे ती.

ते बराच वेळ बघतात. खिशातून चष्मा काढतात, लावतात, पुन्हा बघतात.

"दाब की रे, चहा निवतोय," ते म्हणतात. "असं म्हणत होती." आणि जरा वेळाने, "म्हणजे दाबलं होतं मी."

"दाबलं होतं. आणि काही गेलेलं नाही, बाबा. आत्यानं पाचही रविवार बघितले तुमचे."

हे तिला कसं कळलं, ते विचारत नाहीत. तिच्या वर धरलेल्या बोटांकडे बघतात, मग देव्हाऱ्यावरच्या डब्याकडे. हात धू, मी चहा टाकतो, एवढं म्हणून स्वयंपाकघरात जातात. छत्तीस दिवसांत पहिल्यांदा तिथे भांड्याचा आवाज होतो.

ऋजुता हात धुत नाही. पोलंडच्या गृहस्थाला आधी कळवायचं आहे. जातानाचे ठिपके वेगळे आणि येतानाचे वेगळे, असं ती लिहायला घेते. हे कुणी दाखवून दिलं, या रकान्यात आत्याचं पूर्ण नाव लिहिते. ती दोन बोटं अजून वरच आहेत.