जर्मन काकांचा व्हिसा

जर्मन काकांना जर्मन येत नव्हतं. वॉटफर्डच्या आमच्या मराठी गोतावळ्याने त्यांना हे नाव ठेवलं, कारण इंग्लंडला येण्याआधी ते वर्षभर रोथेनबुर्गजवळच्या एका कारखान्यात शिकाऊ होते. पुढे चाळीस वर्षं त्या तटबंदीच्या जुन्या गावाचं कौतुक ऐकवून त्यांनी सगळ्यांना जेरीस आणलं. तिथल्या बेकरीतल्या बाईशी ते सरळ मराठीत बोलायचे, "दोन द्या, जरा खरपूस बघून." आणि ती बया नेमके खरपूस पाव द्यायची!

काका बाबांचे मित्र, एकटेच राहणारे. दर उन्हाळ्यात आई, बाबा आणि मला गाडीत कोंबून ते फेरीबोटीने समुद्रापलीकडे न्यायचे आणि रोथेनबुर्गच्या तटावरून पूर्ण फेरी मारायला लावायचे. मी कुरकुर केली की म्हणायचे, "रडायचं असेल तर चालता चालता रड." मी रडत चालायचे. माझ्या सगळ्या लहानपणातली आनंदाची जागा विचाराल तर तीच.

एक खोड मात्र त्यांची शेवटपर्यंत जिरली नाही. इतकी वर्षं इथे काढूनही त्यांनी भारतीय पासपोर्ट सोडला नाही. "राणीची शपथ घेऊ? मला काय वेड लागलंय?" मग दरवर्षी जर्मनीचा व्हिसा, त्याचे कागद, त्याची रांग. सीमेवर ब्रिटिश पासपोर्टवाले आम्ही तिघं झटक्यात बाहेर आणि काका वेगळ्या लायनीत. आम्ही त्यांची खूप थट्टा करायचो.

आई-बाबा गेल्यावर एकदा काका मला म्हणाले, "मला रोथेनबुर्गला घेऊन चल गं एकदा. आता माझ्याच्याने गाडी चालवणं होत नाही." मी म्हटलं, "काका, सगळं माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त बॅग भरा." फ्लाइट्स, हॉटेल, नवऱ्याची रजा, मुलांची हाफ टर्मची सुट्टी, सगळं जुळवलं. व्हिसा डोक्यातच आला नाही. इथे जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात तो येत नाही, ही सबब मी स्वतःला शंभरदा ऐकवलीये. कसली सबब! लहानपणापासून डोळ्यांनी बघितलं होतं सगळं.

हीथ्रोला चेक-इनच्या मुलीने त्यांचा पासपोर्ट दोनदा चाळला आणि व्हिसा विचारला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बघतेस म्हणालीस ना, म्हणून मी काही विचारलं नाही." मुलं ट्रॉलीला लोंबकळत होती, मागे रांग खोळंबली होती, नवरा सारखा घड्याळ बघत होता. काकांनीच पटकन आम्हाला मोकळं केलं. "जा तुम्ही. पोरांचा विरस नको. मी जातो घरी बसने." वर पिशवीतला थालीपिठांचा डबा काढून माझ्या हातात दिला.

आणि मी गेले. विमानात आम्ही ती थालीपिठं खाल्ली. तटावर चाललो, आइस्क्रीम खाल्लं, फोटो काढले. लिहायला लाज वाटते, पण मजा आली.

पुढच्या मार्चमध्ये मी शहाण्यासारखी व्हिसाचा फॉर्म भरून, अपॉइंटमेंट घेऊन त्यांच्याकडे सहीला गेले. काकांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, माझी एक चूक दुरुस्त केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

"सही नाही करत मी."

"का पण, काका? सॉरी म्हटलं ना मी. व्हिसा विसरले, चुकलंच माझं."

"व्हिसाचं काय घेऊन बसलीस! कोणीही विसरेल." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी जा म्हटलं गं. तू एकदा तरी नाही म्हणायचंस."

जूनमध्ये काका गेले.