कपाटातली काठी

दारावरच्या माणसाची काठी मी काढून घेतली. चूक माझीच, आधीच सांगून टाकतो.

हा भुताच्या गोष्टींचा ग्रुप आजवर मी फक्त हसायला वाचायचो. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाला पिंपळावर काहीतरी... मला नाकासमोर ठेवलेला स्वतःचा चष्मा दिसत नाही, भूत कुठून दिसणार! पण ही गोष्ट दिसण्याची नाहीच — ऐकण्याची आहे.

मी झाशीचा. घर खंडेराव गेटजवळ, नोकरी सिविल लाइंसमधल्या एका बारमध्ये, मॅनेजरची. (आईला 'रेस्टॉरंट' सांगितलंय.) दारावर जाधवकाका. मूळ साताऱ्याचे, झाशीजवळच्या बबीना छावणीत फौजेतून रिटायर झाले आणि इथेच राहिले. हातात कायम बांबूची काठी. ती त्यांनी कधी कुणावर उगारली नाही. तिचं काम एकच — बाहेर कुणी झिंगून, भांडायच्या बेतात आला की काका मागे न वळता दारावर दोनदा ठोकायचे. टक टक. की मी चार वेटर घेऊन बाहेर. पाच-सहा माणसं बघून समोरचा गुपचूप घरी जायचा. सात वर्षं हेच चाललं.

मग मला शहाणपण सुचलं. 'फॅमिली क्राउड' यायला पाहिजे म्हणून काकांना काळा टी-शर्ट दिला आणि काठी माझ्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केली.

काका म्हणाले, "तुमचे पूर्वज तलवार घेऊन झाशीत आले म्हणता, आणि तुम्हाला साधी काठी सोसंना होय?"

"काका, जमाना बदल गया," मी म्हणालो. मोठा जमान्याचा वकील!

पुढच्याच रविवारी दुपारी मोठ्या पडद्यावर मॅच लावली होती. तिघे आले, आधीच टाइट. काकांनी अडवलं. काका तळहाताने दार बडवत होते म्हणे... त्या गोंगाटात काय ऐकू येणार! मी आत एका सिक्सरवर नाचत होतो. बाहेर काकांच्या डोक्यात बाटली फुटली. पडल्यावर लाथा.

काका वाचले. म्हणजे श्वास चालू आहे. डोळे उघडे, पण बोलणं नाही, ओळख नाही, अंग हलत नाही. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. ठाण्यात 'समझौता' झाला. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझीच. मालक म्हणाले, कर, केली.

दारावर नवा माणूस आला, राकेश. टी-शर्ट तोच, धुऊन.

दोन महिन्यांनी, एका बुधवारी, दुपारचे चार. हॉल रिकामा, गाणी बंद. मी केबिनमध्ये चहात बिस्किट बुडवत होतो, आणि कपाटातून आवाज आला — टक टक.

उंदीर, म्हटलं. दचकल्यामुळे बिस्किट चहात पडलं, ते चमच्याने काढत बसलो. पुन्हा टक टक. या वेळी जोरात. कपाटाचा पत्रा थरथरला. म्हटलं, उन्हाने तापला असेल... आणि चहा संपवला.

तेवढ्यात वेटर धावत आला. "भैया जी, राकेश को मार दिया!"

तेच तिघे. राकेशचा उजवा डोळा गेला.

हॉस्पिटलमधून आल्यावर कपाट उघडलं. किल्ली माझ्याच खिशात होती. काठी ठेवली तशी कोपऱ्यात, तिच्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन काकांच्या घरी गेलो. काकी त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "अरे, काल चारच्या सुमाराला यांचा हात हलला! खाटेच्या दांडीवर दोनदा ठोकलं. जरा वेळाने परत दोनदा. मला वाटलं, सुधारतायत. मी देवापुढे साखर ठेवली. पण नंतर काही नाही रे."

डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, नसांचा झटका. मग कपाटाला कसला झटका आला? मला आजही माहीत नाही. त्यानंतर काकांचा हात हललेला नाही. ते तिघे मात्र परवाच येऊन बसले होते. टेबल मीच दिलं.

त्या दिवशी काकींना सगळं सांगितलं, बिस्किटासकट. शेवटी विचारलं, "काकी, काठी परत दारावर देऊ का? पुन्हा ठोकलं तर..."

काकींनी काकांचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ठोकून उपयोग काय? आत तूच बसलेला असणार."