कपाटातली मोटर

आमच्या शाळेत मोबाईलबंदी आणली ती मी. हेडमास्तरांनी नुसती सही केली. मी गणित शिकवते आणि माझा राग शेलूबाजारपासून आमच्या गावापर्यंतच्या सगळ्या जीपवाल्यांना ठाऊक आहे. पालकसभेत मी सांगून टाकलं, "पहिल्या घंटेला फोन माझ्या कपाटात, शेवटच्या घंटेला पोरांच्या हातात. मधे कारणं सांगायची नाहीत." पालकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, गड जिंकला.

कपाटाची किल्ली माझ्या पर्सच्या चोरकप्प्यात. वर्गातलं ते कपाट दिवसभर गुरगुरायचं, कण्हायचं, मधूनच एखादं भजन म्हणायचं. मी ढिम्म. नववीतली एक मुलगी मात्र आवाज आला की बाकावरून अर्धी उठायची आणि माझा चेहरा पाहून परत बसायची. माझ्या मनात पाप. या वयात फोनसाठी एवढी तळमळ कशापायी असते ते मला न सांगता कळतं, असा माझा समज. "तो शाळा सुटेपर्यंत थांबला तर मरत नाही," असं मी तिला भर वर्गात सुनावलं. ती काहीतरी बोलणार होती. मी खडू उगारला, ती गप्प बसली.

चौथ्या दिवशी सकाळी तिचे वडील आले. सभेत सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या.

"मॅडम, गहू वाळून राह्यला."

"मग पाणी द्या की," मी म्हटलं.

"कसं देऊ? मोटर तुमच्या कपाटात हाये."

मी खरंच कपाटाकडे वळून पाहिलं.

मग उलगडा झाला. त्यांच्या विहिरीवरच्या मोटरला मोबाईलवर चालणारा डबा बसवला होता. वीज आली की डबा फोन करतो. आपण उलट मिस कॉल दिला की मोटर सुरू, दुसरा दिला की बंद. आई-वडील दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात कामाला. वडिलांचे आधीचे दोन फोन विहिरीत गेलेले, म्हणून डब्यात नंबर लेकीचा. म्हणजे बंदीआधी ही पोरगी बाकावर बसून, दप्तरात हात घालून, न बघता गव्हाला पाणी देत होती. मी ज्याला 'तो' म्हणत होते तो पाच हॉर्सपॉवरचा होता.

"तुमचा नियम बराबर हाये," वडील म्हणाले. "मी तिले वावरातच ठेवतो आता. लाईन आली का बटन दाबन. गहू निंगाला का मंग पाहू शाळेचं."

मला फुटत असलेलं हसू तिथंच विरलं. मुलगी दाराशी दप्तर पोटाशी धरून उभी होती. 'मंग पाहू' म्हटलेलं पुढे कोणी पाहत नाही, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत बघितलेलं. आणि हे सगळं माझ्या तोऱ्यापायी. मला माझीच लाज वाटली.

"तिला वर्गात बसू द्या," मी म्हटलं. "मोटर मी चालवते."

बोलायला काय जातं! दुसऱ्याच दिवशी पायथागोरसच्या ऐन मधोमध कपाट ओरडलं. खडू टाक, पर्स उपस, किल्ली शोध, मिस कॉल दे. गावभर बोभाटा झाला आणि आठवड्याभरात आणखी तीन मोटरी माझ्या पदरात पडल्या. फोनवर चिकटपट्ट्या लावून मी लिहिलं: गहू, हरभरा, कांदा, संत्रा. हेडमास्तर खिडकीतून डोकावून विचारायचे, "मॅडम, मोबाईलबंदी तुम्हीच आणली ना?"

मग चाचणी आली. पेपर सुरू असताना 'गहू' वाजला. मुलीने मान वर केली. मी मिस कॉल दिला आणि तिला मानेनेच खूण केली. ती पुन्हा पेपरात बुडाली. मला इतकं बरं वाटलं की मी ऐटीत फेऱ्या मारत राहिले, आणि मोटर बंद करायची साफ विसरले. शाळा सुटल्यावर तिने फोन हातात घेतला आणि किंचाळलीच.

सकाळी वडील हजर. गुडघ्यापर्यंत चिखल.

"मॅडम, इतकं पानी साचलं का गव्हात आता धान लावता येते."

मी तिचा पेपर पुढे केला. वीसपैकी अठरा. त्यांनी तो दोनदा पाहिला, घडी घातली, परत उघडला.

"पोरीचं बेस हाये," ते म्हणाले. "पन तुमच्या भरोशावर मोटर सोडता येत नाई."

झालं! आता तिला घेऊन जाणार. तेवढ्यात मुलगीच मधे बोलली.

"मंग बाबा, मॅडमले आठवन द्याले मले रोज शाळेत याच लागन."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लागनच," ते म्हणाले.